फडावरची लेकरं आणि शाळेचा पट : प्रकल्प नोंदी, हंगाम 2024-25

11 नोव्हेंबर 2024

यंदा साखर कारखान्यांचं गाळप 15 तारखेपासून आणि विधानसभेचं मतदान 20 ला, त्यामुळे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मतदान करूनच निघणार असं सगळे मुकादम, म्हणजे टोळ्या आणणारे ठेकेदार, सांगतायत. म्हणजे आपल्याला आठ-दहा दिवस जास्तीचे मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव, शाळेचं आणि कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नोंदी चार जणांत फिरतात आणि मग फोन येतात.

प्रस्तावात आपण समता, विविधता, समावेशन असं सगळं भारी भारी लिहिलंय. ऑफिसात तेच चालतं, चालू दे. माझ्या वहीत काम एवढंच आहे की बीडकडून येणारी लेकरं चार-साडेचार महिने इथल्या जिल्हा परिषद शाळेत बाकीच्या पोरांसारखी बसली पाहिजेत, जेवली पाहिजेत, आणि परत जाताना काय शिकली ते कागदावर घेऊन गेली पाहिजेत.

पूर्वी या लेकरांसाठी साखरशाळा असायच्या, कारखान्याच्या आवारात किंवा थेट अड्ड्यावर, म्हणजे टोळ्या उतरतात त्या जागेवर, पत्र्याचं शेड टाकून. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आल्यावर वेगळ्या शाळा नकोत, नियमित शाळेतच घ्या असं धोरण झालं आणि साखरशाळा हळूहळू बंद पडत गेल्या. तत्त्व म्हणून मला ते शंभर टक्के पटतं. पण शेड कोपीपासून, म्हणजे मजुरांच्या झोपडीपासून, हाकेच्या अंतरावर होतं आणि शाळा अडीच किलोमीटरवर आहे, आणि मधल्या अडीच किलोमीटरचं काय करायचं हे कुठल्याच जीआरमध्ये नाही.

25 नोव्हेंबर

टोळ्या उतरल्या. ओढ्याच्या कडेला पडीक रानात कोप्या उभ्या राहिल्यात, ताडपत्री, बांबू, वर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, थर. बहुतेक वडवणी आणि धारूरची माणसं, एक टोळी बंजारा तांड्यावरची आहे, घरात गोरमाटी बोलतात. दोन घरं परभणीची.

सर्व्हे दुपारी करायला गेलं तर अड्ड्यावर फक्त लेकरं आणि कुत्री. माणसं पहाटे चारलाच फडात, ऊस तोडायला, जातात, गाडी भरेपर्यंत येत नाहीत. म्हणून संध्याकाळी सातनंतर गेलो, चुली पेटलेल्या, बायका भाकरी थापता थापता उत्तरं देत होत्या. शाळेच्या वयाची तीसेक लेकरं निघाली. पहिली-दुसरीवाली जास्त, पाचवीच्या पुढची कमी, कारण मोठी पोरं एक तर गावाकडं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडं ठेवलेली असतात, आणि मुलींचं विचारलं की आईबाप गप्प होतात. वयात आलेली पोरगी गावाकडं कुणाच्या जिवावर ठेवायची, सोबत आणलेली बरी, असं एका बाईनं शेवटी सांगितलं. ती पोरगी शेजारीच बसली होती, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. सहावीत आहे म्हणाली. भाकरी येते का विचारलं तर हसली, येते म्हणे, सगळ्यांच्या ती करते.

28 नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे पहिला अडथळा, दाखला. मुख्याध्यापक तसे भले आहेत पण पट म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. टीसी नाही, आधार नाही, जन्मदाखला नाही, कसं घेऊ?

मी आरटीईची प्रिंट घेऊन गेलेच होते. कलम 5, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 14, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. कलम 9, स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी. सरांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाले, कायदा मला पाठ आहे हो मॅडम, पोर्टलला कुठं पाठ आहे.

आणि खरी मेख तिथंच आहे. गावाकडच्या शाळेत या लेकरांची नावं पटावर असतात. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षकांची पदं राहणार ते ठरतं. लेकरं निघतात दिवाळीच्या मागेपुढे. नाव कमी केलं तर पुढच्या वर्षी ते लेकरू परत येईल का नाही याची भीती आणि एक शिक्षक कमी व्हायची टांगती तलवार, त्यामुळे तिकडचे गुरुजी नाव सोडत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, दोन शिक्षकी शाळेतला एक गेला तर उरलेल्या पोरांचे हाल. पण ऑनलाइन नाव तिकडं म्हणजे तांदूळ तिकडं, पुस्तकं तिकडं, गणवेश तिकडं, आणि लेकरू इकडं. एकाच लेकराला दोन शाळा आणि प्रत्यक्षात वर्ग एकही नाही.

यावर उपाय म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते निघताना द्यायचं, त्यावर इयत्ता, वाचन-गणिताची पातळी, आणि इथल्या शाळेनं ते बघून वर्गात बसवायचं. आमच्या तीसातल्या चार-पाच जणांकडेच निघालं, एकाचं तर ताडपत्रीच्या खाली ओलं झालेलं. बाकीच्यांसाठी रात्री बसून गावाकडच्या शाळांना फोन. दोन गुरुजींनी व्हॉट्सॲपवर लगेच फोटो पाठवले आणि वर लिहिलं, ‘पोरगं हुशार आहे, फक्त लाजतंय, पुढं बसवा.’ असे लोक भेटले की बरं वाटतं.

4 डिसेंबर

एसएमसीची म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग. विषय तांदूळ. पहिली ते पाचवी शंभर ग्रॅम, सहावी ते आठवी दीडशे ग्रॅम धान्य रोजचं, ते पटाच्या हिशोबानं येतं. पटावर नसलेली तीस तोंडं आली तर भात कुणाच्या ताटातला कमी करायचा, असा सरळ प्रश्न एका पालकानं विचारला. प्रश्न चुकीचा नाही. पण लगेच दुसऱ्यानं सूर लावला की त्यांची वेगळी पंगत बसवा, आधी आपली पोरं जेवू देत, उरलं तर त्यांना. इथं मात्र अध्यक्षबाई उठल्या. स्वतः बचत गटवाल्या, खमक्या. म्हणाल्या, माझ्या घरात पाहुणा आला तर मी पोरांना आधी जेवायला घालून उरलेलं पाहुण्याला वाढते काय? विषय संपला. तात्पुरती पटनोंदणी करून वाढीव धान्याची मागणी केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला पाठवायची, आणि ते येईपर्यंत गावातून तांदूळ-डाळ गोळा करायची असं ठरलं. त्या पंगतवाल्या पालकानंही दुसऱ्या दिवशी पाच किलो तांदूळ आणून दिले. का ते विचारलं नाही.

9 डिसेंबर

पहिला आठवडा संपला, बघितलं ते लिहिते.

तिसरीच्या वर्गात नवीन आलेली सगळी मागच्या पट्टीवर. कुणी मुद्दाम बसवलं नाही, पुढच्या जागा भरलेल्या होत्या आणि ही पोरं आपोआप मागं गेली. बाईंशी बोलले, त्यांनी आता रोज रांगा फिरवायच्या ठरवल्यात. ‘ऊसतोडची पोरं’ अशी हाक वर्गात नको, नावानं हाक मारायची, हे पण बोललो. बाई म्हणाल्या, अहो नावंच कळत नाहीत चटकन, बोलतातच कमी. मग प्रत्येकाच्या शर्टाला नावाची चिठ्ठी लावली, गावातल्या पोरांना पण, नाहीतर फक्त यांनाच बिल्ले लावल्यासारखं झालं असतं.

उवांची तक्रार आली. दोन आया थेट गेटवर. मुलींच्या डोक्यात त्यांच्यामुळं उवा झाल्या म्हणे. आरोग्य सेविकेला बोलावून सगळ्याच मुलींची डोकी बघितली आणि उवा दोन्ही पार्ट्यांकडे निघाल्या, मग औषध सगळ्यांना लावलं. त्या दोघी आया परत आल्या नाहीत.

रस्त्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. कारखान्याचा रस्ता म्हणजे दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मोठ्ठ्यानं गाणी लावलेली, मागून हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकू जात नाही तिथं लेकरू कुठं दिसणार. आयांना खरी भीती याची आहे, शाळेची नाही. समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता असतो पण त्याचे प्रस्ताव आधीच जाऊन बसलेले असतात, तेव्हा ही लेकरं इथं नव्हतीच. सध्या पाणंदीतून जायचं ठरलंय, थोडं लांब पडतं पण ट्रॅक्टर नाही. गावातली सातवीची चार पोरं सायकली हातात धरून त्यांच्याबरोबर चालत येतात. ही आयडिया माझी नाही, त्यांचीच.

13 डिसेंबर

सहावीतली ती पोरगी दोन दिवस आलीच नाही. संध्याकाळी गेले तर तोच भाऊ कडेवर. वर्गात भावाला घेऊन आलेली, तो रडला, सरांनी सांगितलं घरी ठेवून ये. नियम सगळ्यांना सारखा आहे असं सर म्हणतात. गावातल्या कुठल्या मुलीला दीड वर्षाचं पोर सांभाळत सहावी करायची असते, ते सांगा म्हटलं. सारखा नियम बरोबर तिच्याच मानेवर बसतो.

अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. तिथं तीन वर्षांपुढची मुलं दिवसभर बसतात, लहानांना फक्त आहार मिळतो, त्यामुळं सेविकाताई आधी नाहीच म्हणाल्या. दीड वर्षाचं पोर पडलं झडलं तर जबाबदारी कुणाची? बरोबर आहे त्यांचं. शेवटी असं जमलं की अड्ड्यावरची एक म्हातारी, मुकादमाचीच नात्यातली, फडात जात नाही, ती रोज सहा-सात लहान पोरांना घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर बसणार, प्रकल्पातून तिला मानधन, अंगणवाडीतून पोरांना खाऊ. म्हातारीनं पहिल्याच दिवशी साडीची झोळी बांधली खांबाला. ऑडिटला झोळीचा खर्च कुठल्या हेडखाली दाखवायचा बघू, साडी तिचीच आहे म्हणा.

पोरगी सोमवारपासून येते म्हणाली.

19 डिसेंबर

सगळे शिक्षक अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाच्या, मागे. आधारवरचं नाव, शाळेतलं नाव, आईबापाचं संमतीपत्र, कशाचा कशाला मेळ नाही. आज वर्ग मीच घेतले. बाकी काही नाही.

3 जानेवारी 2025

बालिका दिन. दरवर्षीप्रमाणे एका मुलीला हिरवी साडी, मोठं कुंकू, सावित्रीबाई. यंदा बाईंनी सहावीतल्या त्याच पोरीला विचारलं, तिनं नाही म्हटलं, तिला भाषण करायचं होतं. केलं. सावित्रीबाईंचं कमी आणि स्वतःच्या शाळेचं जास्त, गावाकडं शाळेसमोर लिंबाचं झाड आहे वगैरे. टाळ्या भरपूर.

मी दोन मिनिटं शाहू महाराजांचं बोलले. 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया. महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी बोर्डिंगंही उभी केली, 1901 पासून, कारण बाहेरगावच्या पोराला राहायला-जेवायला नसेल तर शाळा फुकट असून उपयोग काय. कार्यक्रमानंतर एक शिक्षक म्हणाले, आता दंड कुणाला करायचा, आईबापाला, मुकादमाला का कारखान्याला? चहा होईपर्यंत याच्यावर वाद चालला, निकाल लागला नाही. माझं मत कारखान्याला.

10 जानेवारी

चौथीतला एक मुलगा, वर्गात ढिम्म. विचारलं की दुसरीकडेच बघतो. ‘मंद आहे, विशेष शिक्षकांना दाखवा’ असा शेरा त्याच्या नावापुढे आलेला. आज बाईंच्या डाव्या बाजूला बसवला होता आणि गणित फटाफट सांगितलं. उजव्या बाजूला बसवलं की परत ढिम्म. जवळ गेलं तर कानातून वास. कान फुटलाय, आईनं तेल सोडून कापूस घातलाय, कधीपासून तर ‘दोन सालं झाली वाहतोय.’

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा येते. इथं ती आली तेव्हा हा गावाकडं होता, गावाकडं आली तेव्हा हा इथं असणार. दोन्हीकडची तपासणी चुकली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ग्रामीण रुग्णालयात नेलं, औषध चालू, कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलंय. बापाला एक दिवस खाडा पडणार, त्याची मुकादमाशी बोलणी करायचीयत. शेरा खोडून घेतला.

21 जानेवारी

आजचा तास लिहून ठेवण्यासारखा झाला. पाचवी-सहावी एकत्र, गणित. पुस्तकातल्या उदाहरणांऐवजी ऊस वजनाच्या काटा पावत्या घेतल्या. गावातल्या पोरांनी घरून आणल्या, अड्ड्यावरच्या पोरांना पावती नवीन नव्हतीच.

हिशोब सोपा जावा म्हणून तोडणीचा दर टनाला साडेतीनशे धरला. एक टन सहाशे किलोचे किती? गावातली पोरं गुणाकार मांडायला लागली. वहीत 1.6 लिहून दशांशचिन्हाशी मारामारी. तेवढ्यात मागून तांड्यावरचा एक, जो आत्तापर्यंत तोंड उघडत नव्हता, म्हणाला पाचशे साठ. कसं? टनाला साडेतीनशे, अर्ध्याला पावणेदोनशे, शंभर किलोला पस्तीस. वर्ग गप्प. बाई म्हणाल्या फळ्यावर येऊन दाखव, तर म्हणाला लिहिता येत नाही, सांगता येतं. मग त्यानं सांगितलं आणि गावातल्या एका मुलीनं लिहिलं.

पुढं मजा झाली. एका शेतकऱ्याच्या पोरानं विचारलं, हे पैसे आमच्या बिलातनं कापतात माहिताय का? यंदा एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) टनाला 3400, पण तोडणी-वाहतूक वजा जाऊनच हातात येतात, माझे पप्पा रोज बोलतात. सहावीतली पोरगी लगेच, ते पैसे आमच्या हातात तरी कुठं येतात, आधीच उचल घेतलीय, त्यातच वळते होतात. पोरगा म्हणाला, आणि वर खुशाली (बक्षिशी) पण मागता की आमच्याकडं! सगळा वर्ग हसला, ती पण हसली आणि म्हणाली, खुशाली मुकादम मागतो, आमाला चहा पण देत नाही.

बाई थोड्या घाबरल्या, उद्या गावात चर्चा होईल म्हणून. मला मात्र हा हंगामातला सगळ्यात चांगला तास वाटला. एकाच पावतीच्या दोन बाजूंची पोरं शेजारी बसली होती आणि दोघांनाही दुसऱ्या घरातला हिशोब पहिल्यांदा कळला. समावेशनाच्या ट्रेनिंगला फुगे फुगवून गोल करून बसवतात, त्यापेक्षा एक काटा पावती बरी.

30 जानेवारी

आठवड्याला एक अंडं मिळत होतं, त्याचा निधी सरकारनं थांबवला, लोकसहभागातून द्या म्हणे. अड्ड्यावरची लेकरं अंड्याच्या दिवशी एकही खाडा करत नव्हती. लोकसहभाग म्हणजे परत त्याच अध्यक्षबाई.

वाढीव तांदूळ मंजूर झाला. हंगाम संपत आला तेव्हा, पण झाला.

12 फेब्रुवारी

परभणीची दोन घरं आणि आणखी एक टोळी रातोरात हलली, पलीकडच्या तालुक्यात फड मिळाला म्हणून. सकाळी पाणंदीवर पोरं कमी दिसली तेव्हा कळलं. मुकादमाचा फोन बंद. तिकडच्या एका बालरक्षक, म्हणजे शाळेबाहेरची लेकरं शोधणाऱ्या, शिक्षकाचा नंबर होता, त्यांना यादी पाठवली, त्यांनी तीन लेकरं शोधून काढली. उरलेल्यांचा पत्ता नाही. ही तिसरी शाळा त्यांची या वर्षातली, आणि तिथं किती दिवस, पंधरा? वीस? यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि उगाच काही लिहिणार पण नाही.

27 फेब्रुवारी

कारखान्यांची धुराडी थंडावायला लागली. यंदा ऊस कमी, हंगाम लवकर उरकतोय. बैलगाड्यांच्या टोळ्या आधी निघतील.

प्रत्येक लेकराचं हमी पत्रक आपण भरून दिलं. वाचन, लेखन, बेरीज-वजाबाकी, हजेरी. आणि खाली दोन ओळी वर्गशिक्षकांच्या हातच्या, त्या माझ्या आग्रहावरून. तांड्यावरच्या पोराच्या पत्रकात बाईंनी लिहिलं, ‘तोंडी हिशोब अतिशय उत्तम, लेखी सराव द्यावा, भीती घालू नये.’ पत्रकांना प्लास्टिक कव्हर घातलंय, फोटो गावाकडच्या गुरुजींना गेले, त्यातल्या तिघांचा रिप्लाय आला.

सहावीतल्या पोरीनं विचारलं, सातवीला वसतिगृहात राहता येईल का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी, पण तिच्या गावापासून कुठलं जवळ आणि जागा आहे का ते जूनच्या आत बघायचंय. तिच्या आईला पण पटवायचंय, धाकट्याचं काय हा प्रश्न ती विचारणारच आणि गावाकडं ओट्यावरची म्हातारी नाही.

7 मार्च

अड्डा रिकामा. हिशोब पूर्ण केले, म्हातारीचं मानधन दिलं, तिनं पाचशे परत केले, मधे चार दिवस आजारी होते म्हणे. घेतले नाहीत.

पुढच्या हंगामासाठी करायचं ते असं. उचल साधारण पावसाळ्यात ठरते, तेव्हाच मुकादमाला फोन करून टोळीतल्या लेकरांची यादी मागायची, नोव्हेंबरमध्ये कोप्या मोजत बसायचं नाही. वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव त्या यादीवरून आधी टाकायचा, मंजूर होवो न होवो. गावाकडच्या शाळांना ऑगस्टमध्ये एकदा प्रत्यक्ष जाऊन यायचं, हमी पत्रकं त्यांच्याकडूनच भरून निघाली पाहिजेत, आणि आरोग्य तपासणी लेकरं निघायच्या आधी तिकडंच उरकता येते का बघायचं. कानवाल्या पोराचं सीपीआरचं कागदपत्र माझ्याकडंच राहिलंय, ते कुरिअर करायचं. मुकादम यादी द्यायला हो म्हणालाय, फक्त त्याचा नंबर दर हंगामाला बदलतो, म्हणून त्याच्या बायकोचा पण घेऊन ठेवलाय.